हेल्काची पाण्यावरची खोली

मुलीच्या पाठीशी उभं राहायचं, हा निर्णय इल्पो हार्यूने एप्रिलातल्या पहिल्या मंगळवारी संध्याकाळी सात वाजून वीस मिनिटांनी घेतला. त्या वेळी तो शाळेच्या जेवणघरात, लहान मुलांच्या उंचीच्या बाकावर, गुडघे जवळजवळ हनुवटीला टेकवून बसला होता. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण इल्पो सगळ्या गोष्टींची वेळ लिहून ठेवतो. त्याचा धंदाच तसा. वेसाला गावात गाडी चालवण्याची परीक्षा घेणारा तो एकुलता एक माणूस. बावीस वर्षं तो शेजारच्या सीटवर मांडीवर पाटी घेऊन बसतो, 'पुढच्या चौकात उजवीकडे' एवढंच बोलतो आणि बाकीचं लिहितो. गावातली निम्मी माणसं दुकानात तो समोर आला तरी नकळत पाठ ताठ करतात.

त्या संध्याकाळी नववीच्या पालकांपुढे शाळेच्या समुपदेशक बाई बोलत होत्या. विषय होता, वयात येणाऱ्या मुलींना आधार कसा द्यावा. बाई म्हणाल्या, "फार काही नको. तीनच गोष्टी. विचारा. ऐका. आणि मग गप्प बसा."

इल्पोने तिन्ही उतरवून घेतल्या आणि पहिलीच्या खाली दोनदा रेघ मारली. तिसरी लिहीपर्यंत पेनातली शाई संपली. याला कुणी शकुन म्हणेल, पण फिनलंडमध्ये शाई संपते तेव्हा लोक नवीन पेन घेतात. इल्पोने तेही घेतलं नाही.

गुरुवारी घरात वाटाण्याचं सूप होतं. इल्पोने चमचा खाली ठेवला, घसा साफ केला आणि परीक्षेला आलेल्या मुलाला गाडी सुरू करायला सांगावं त्या आवाजात विचारलं, "हेल्का, तुझं स्वप्न काय आहे?"

त्याच्या बायकोचा, मेरवीचा, घास तोंडाशी थांबला. मेरवी दातांच्या दवाखान्यात काम करते. बंद तोंडं तिला नवीन नाहीत, आणि ती उघडायला घाई करायची नसते हे तिला ठाऊक आहे. हेल्का पंधरा वर्षांची. गेली दोन वर्षं घरात तिचा शब्दसंग्रह तीन वाक्यांवर आला होता: 'माहीत नाही', 'बघू', आणि 'दार लाव'.

हेल्का खिडकीबाहेर बघत राहिली. तळं अजून गोठलेलंच होतं, पण बर्फावर बोटभर पाणी साचलं होतं आणि त्या पाण्यात अख्खं आकाश उताणं पडलं होतं. मग ती तळ्यालाच सांगावं तसं म्हणाली, "पाण्यावर एक खोली. लहानशी. सकाळी धुकं उतरतं ना, तेव्हा पाणी कुठे संपलं आणि आभाळ कुठे सुरू झालं ते कळत नाही. तिथे मधोमध पडून राहायचं. मी बांधतेय ती."

दोन वर्षांत मुलगी इल्पोपुढे एवढं बोलली नव्हती. त्याने 'पाण्यावर' ऐकलं, 'खोली' ऐकलं. 'मी बांधतेय' हे दोन शब्द मात्र सुपाच्या वाफेबरोबर छताकडे गेले.

तिने वरून कागद आणून दाखवला. चार पिंपांवर तराफा, तीन पावलं लांब आणि दोन पावलं रुंद. त्यावर एक बुटकी खोली, एक खिडकी, एक फळीचा पलंग. रेघा इतक्या सरळ आणि हलक्या होत्या की कागदावरसुद्धा ती खोली तरंगत होती.

"छान आहे," इल्पो म्हणाला आणि खिशातून पेन्सिल काढली. "जरासं सुधारतो."

मेरवी म्हणाली, "इल्पो."

"फक्त कठडा," इल्पो म्हणाला.

कठड्यापासून सुरुवात झाली.

कठडा आला की त्याचं वजन आलं, वजन आलं की आणखी दोन पिंपं आली. सहा पिंपांना तराफा रुंद लागतो. रुंद तराफ्यावर बुटकी खोली बरी दिसत नाही, म्हणून खोली उंच झाली. उंच खोलीला वारा लागणार, म्हणून नांगर. हे सगळं इल्पोने रविवारी दुपारी एका बैठकीत केलं आणि त्याला फार वर्षांनी बाप झाल्यासारखं वाटलं. हेल्का शेजारी उभी राहून बघत होती. ती एकदा हळूच म्हणाली, "बाबा, जड होईल."

"सुरक्षित होईल," इल्पो म्हणाला. परीक्षार्थी गाडी जरा जोरात घेऊ लागला की त्याचा उजवा पाय आपोआप आपल्या बाजूच्या जादा ब्रेकवर दाबला जातो. तो आताही टेबलाखाली दाबला गेला.

बर्फ एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात फुटला. दोन दिवस तळ्यावर काचेची भांडी किणकिणावीत तसा आवाज येत होता, आणि तिसऱ्या सकाळी नुसतं पाणी उरलं. इल्पोने रजा टाकली, लाकूड आणलं आणि धक्क्याजवळ ठोकाठोक सुरू केली. वेसालात ठोकाठोकीचा आवाज आला की माणसं कुत्र्याला फिरवायला बाहेर पडतात. ज्यांच्याकडे कुत्रा नाही तीही.

पहिला आला शेजारचा आर्वो. वय अठ्ठ्याहत्तर. त्याच्या घरामागे एक मोठी शेड आहे आणि त्या शेडमध्ये त्याच्या वडिलांची जुनी लाकडी होडी वीस वर्षं उलटी पडून होती. आर्वोने तराफ्याभोवती एक पूर्ण फेरी मारली आणि म्हणाला, "प्लॅस्टिकची पिंपं?"

"हो."

"हं," आर्वो म्हणाला. त्यानंतर दहा मिनिटं तो काहीच बोलला नाही. आमच्याकडे याला कडक टीका म्हणतात. इल्पोने त्याच रात्री आणखी तीन पिंपं मागवली.

मग आली सिर्का, समोरच्या पिवळ्या घरातली, शाळेत तीस वर्षं गृहविज्ञान शिकवून निवृत्त झालेली. निवृत्त शाळेतून झाली, शिकवण्यातून नाही. तिने खोलीत डोकं घातलं, भिंत हुंगली आणि म्हणाली, "ओल धरणार. वर एक झरोका पाहिजे. आणि हे दार... आतून कडी आहे का याला?"

"आहे."

"पंधरा वर्षांची मुलगी, पाण्याच्या मध्यावर, आणि दाराला आतून कडी," सिर्का म्हणाली. ती तेवढंच म्हणाली. इल्पोने आतली कडी काढून बाहेर लावली. मग त्याच्या ध्यानात आलं की बाहेरून कडी लावलेली तरंगती खोली म्हणजे तुरुंग होतो, म्हणून त्याने दारच काढून टाकलं. मग वारा आत शिरू लागला, म्हणून कठड्याच्या आत दुसरा कठडा केला आणि त्याला ताडपत्री बांधली.

हे चालू असताना हेल्का धक्क्यावर यायची बंद झाली. पहिले काही दिवस ती येऊन पायरीवर बसायची, एखादी फळी उचलून परत ठेवायची. "बाबा, ही फळी मी तासून ठेवली होती," असं एकदा म्हणाली. इल्पोने तिच्या हातून ती फळी प्रेमाने काढून घेतली, कारण तिला कुसळ लागलं असतं. त्यानंतर ती शाळेतून आली की सायकल टाकून थेट आर्वोच्या शेडकडे जाऊ लागली.

"हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही," इल्पो मेरवीला म्हणाला. "स्वप्न तिचं, आणि राबतोय मी."

मेरवी कपडे वाळत घालत होती. ती म्हणाली, "हो ना. तेच बघतेय मी," आणि चिमटा जरा जास्त जोरात लावला.

आता इल्पो कायद्याने चालणारा माणूस. नऊ पिंपांची, दोन कठड्यांची, झरोक्याची वस्तू तळ्यात सोडायची तर परवानगी हवी, म्हणून त्याने नगरपालिकेला पत्र लिहिलं. नगरपालिकेने उलट विचारलं, ही होडी आहे की इमारत? इमारत असेल तर बांधकामाचा अर्ज करावा. होडी असेल तर नोंदणी दुसऱ्या कार्यालयात होते. इल्पोने त्या दुसऱ्या कार्यालयाला फोन केला. तिथल्या माणसाने खूप आपुलकीने विचारलं, "वल्ही आहेत का?"

"घेणार आहे."

"मग घेऊ नका. वल्ही आली की ती होडी होते, आणि होडी झाली की तुमचा अर्ज आमच्याकडे येतो, आणि आमच्याकडे आला की या उन्हाळ्यात काही होत नाही."

इल्पोने वल्ही घेतली नाहीत. बाकी सगळं घेतलं: दोन गोल जीवरक्षक रिंगा, आग विझवायचं नळकांडं, प्रथमोपचाराची पेटी, एक शिट्टी आणि धक्क्यावर ठोकलेला एक फलक, 'तराफ्यावर जाण्याआधी मोबाइल या डब्यात ठेवावेत'. पाण्यात पडलेल्या मोबाइलांबद्दल त्याने कुठेतरी वाचलं होतं.

पाहणीचा दिवस ठरला, मेच्या मध्यावरचा बुधवार, सकाळी नऊ. त्या सकाळी हवा उबदार होती आणि पाणी बर्फातून नुकतंच उठलेलं, म्हणून तळ्यावर धुकं इतकं दाट होतं की धक्क्याचं टोक दुधात बुडवलेल्या पावासारखं मऊ दिसत होतं. नगरपालिकेच्या केतोलाबाई मापनफीत आणि फाईल घेऊन आल्या. चाळिशीच्या जवळ, नीटनेटक्या, पायात शहरी बूट. त्यांनी मोबाइल मुकाट डब्यात ठेवला आणि इल्पोशी हात मिळवताना म्हणाल्या, "तुम्हाला आठवत नसेल. एकोणीस वर्षांपूर्वी तुम्ही मला नापास केलंत. दोनदा."

इल्पोच्या तोंडचं पाणी पळालं. "कशात?"

"गाडी मागे घेण्यात," केतोलाबाई म्हणाल्या आणि तराफ्यावर चढल्या.

आर्वो दोरीपाशी उभा होता. केतोलाबाईंना पाहायचं होतं की ही वस्तू किनाऱ्याला कायमची जोडलेली आहे की नाही, म्हणून इल्पोने नांगर काढून धक्क्यावर ठेवला, दोरी सोडली आणि तिचं टोक आर्वोच्या हातात दिलं. "एक मिनिट धरा." मग तो बाईंना पलंगाचं माप दाखवायला खोलीत घेऊन गेला. तेवढ्यात सिर्का दालचिनीचे पाव आणि कॉफीचा थर्मास घेऊन आली. पावांची पिशवी आणि थर्मास तिने तराफ्यावर पाहुणीसाठी ठेवला आणि एक कप ओतून आर्वोपुढे धरला. आर्वो जुन्या वळणाचा माणूस. कुणी कॉफी दिली तर तो कप दोन्ही हातांनी घेतो.

इल्पो आणि केतोलाबाई खोलीतून बाहेर आले तेव्हा धक्का नव्हता.

तो गेला कुठे, हे कळायला मार्ग नव्हता. चारी बाजूंना पांढरं होतं, वर पांढरं आणि खाली पांढरंच, आणि मध्ये दोन कठड्यांच्या आत दोन माणसं उभी. पाण्याचा आवाज नव्हता. पिंपांखाली कुणीतरी झोपेत कूस बदलावी तसं हळूच काहीतरी व्हायचं, तेवढंच. इल्पोचा उजवा पाय आपोआप फळीवर दाबला गेला. तराफा थांबला नाही.

"वल्ही कुठे आहेत?" केतोलाबाईंनी विचारलं.

"वल्ही असती तर ही होडी झाली असती," इल्पो म्हणाला. हे वाक्य त्याला घरी तयार करताना फार बिनतोड वाटलं होतं.

केतोलाबाईंनी फाईल उघडली, काहीतरी लिहिलं आणि मिटली. इल्पोने शिट्टी फुंकली. दूरवरून एका पाणपक्ष्याने लांब, हळवा सूर लावून उत्तर दिलं. पुन्हा फुंकली. पुन्हा तोच. तिसऱ्यांदा फुंकायला त्याला संकोच वाटला, कारण पक्ष्याचा काही गैरसमज होत असावा. पण शिट्टीचा दर तीन मिनिटांनी एक फुंकर असा नियम असल्याचं त्याला आठवलं, म्हणून संकोच गिळून तो घड्याळ बघत फुंकत राहिला.

अर्धा तास गेला असेल. केतोलाबाईंनी बूट काढले, मोजे काढून त्यांत खोचले आणि तराफ्याच्या कडेला बसून पाय पाण्याजवळ लोंबकळू दिले. "माझ्या टेबलासमोरच्या खिडकीतून हे तळं दिसतं," त्या म्हणाल्या. "रोज दिसतं. पण मी त्यावर आले नव्हते. अकरा वर्षांत एकदाही नाही."

इल्पोने त्यांना पाव दिला, कॉफी ओतली. धुकं त्यांच्या पावावर, भुवयांवर, फाईलवर बारीक थेंब होऊन बसत होतं. आपण कुठे चाललोय हे माहीत नसणं इतकं शांत असेल, हे त्याला बावीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

"तुमच्या मुलीची खोली छान होती," केतोलाबाई म्हणाल्या.

"होती म्हणजे? आपण हिच्यावरच बसलोय."

"ही नव्हे. फेब्रुवारीत ती माझ्याकडे आली होती ना, चित्र घेऊन. चार पिंपांचं. तीनदा आली. बर्फात सायकलवरून."

इल्पोने कप खाली ठेवला. "कशाला?"

"परवानगी लागते का विचारायला. मी सांगितलं, एवढ्या लहान, हलणाऱ्या वस्तूला काही लागत नाही. फक्त तळ्याच्या पाण्याचे जे मालक आहेत, किनाऱ्यावरची घरं, त्यांना कळव. तिने कळवलं, त्यांच्या सह्याही आणल्या. सगळं झालं होतं तिचं. म्हणून तुमचा नऊ पिंपांचा अर्ज आला तेव्हा मला वाटलं, शाळेनेच मोठं करायला सांगितलं असावं."

"कुठल्या शाळेने?"

केतोलाबाईंनी त्याच्याकडे पाहिलं. गाडी मागे घेताना पाठीमागे काय आहे ते बघायला आपण विसरलो, हे कळल्यावर माणूस जसा बघतो, तसं. "होड्या बांधायला शिकवतात ती. समुद्रकिनाऱ्यावरची. महिनाअखेर मुलाखत आहे, आणि स्वतःच्या हाताने केलेलं एक काम घेऊन जावं लागतं... तुम्हाला माहीत असेल असं मी धरून चालले."

इल्पोची शिट्टी फुंकायची वेळ झाली होती, ती त्याने फुंकली नाही. तो उठून खोलीत गेला आणि पलंगाच्या कडेवर बसला. त्या पलंगाला एकच फळी अशी होती जी बाकीच्यांसारखी नव्हती. कडा हाताने तासून गोल केलेल्या, रेशमासारख्या. ती त्याने प्रेमाने काढून घेतलेली फळी होती. त्याच्या खिळ्याने तिच्या मधोमध एक तडा पडला होता. इल्पोने त्या तड्यावरून बोट फिरवलं. आपण किती मदत केली, याचा तो पहिल्यांदाच हिशेब न करता नुसता विचार करत बसला.

बाहेर केतोलाबाई म्हणाल्या, "ऐका."

धुक्यात कुठेतरी वल्ह्यांचा आवाज होता. सावकाश, एकसारखा, मध्ये एकदाही न चुकणारा. मग पांढऱ्यातून आधी एक काळसर रेघ आली, रेघेची होडी झाली आणि होडीत पाठमोरी हेल्का होती. आर्वोच्या वडिलांची होडी. नवीन फळ्या जुन्या फळ्यांच्या शेजारी मधासारख्या पिवळ्या दिसत होत्या. एका बाजूला वरची एक फळी अजून बसवायची राहिली होती. तिथे मोकळी जागा होती, पण पाण्याच्या बरीच वर.

"कुणी उभं राहू नका," हेल्का म्हणाली.

दोघंही बसले. ती तराफ्याला लागली, दोरीची गाठ मारली, ओढून पाहिली. इल्पोच्या ओठांवर गाठीबद्दल एक सूचना आली होती. ती त्याने तोंडातच ठेवली.

"शिट्टी ऐकली मी," हेल्का म्हणाली. "आधी वाटलं दोन पक्षी आहेत."

"धक्क्याकडे ओढून नेता येईल?" केतोलाबाईंनी विचारलं.

"नाही. जड आहे." तिने बोट ओलं करून वर धरलं. "थोड्या वेळाने दक्षिणेचा वारा सुटेल. तो जिकडे नेईल तिकडेच जायचं, मी फक्त नाक सरळ ठेवते. बाबा, तू डाव्या कोपऱ्यात बस. नाही, त्याहून डावीकडे. तिथे."

इल्पो तिथे बसला. तिघंही वाऱ्याची वाट बघू लागले. हेल्काने होडीतूनच हात लांब करून एक पाव घेतला आणि खाल्ला. वरचं पांढरं हळूहळू उजळत होतं, आत कुठेतरी सूर्य असल्यासारखं. एकाएकी पाणी आणि आभाळ यांच्यातली रेघ खरंच उरली नाही. होडी, तराफा, अनवाणी केतोलाबाई आणि पाव खाणारी मुलगी, सगळं कशावर तरी टांगून ठेवल्यासारखं दिसत होतं. इल्पोने मान वर केली आणि बराच वेळ तसाच राहिला. चित्रात जे होतं ते हेच, हे त्याला कळलं. यासाठी कठडा लागत नव्हता.

"शाळेचं मला का नाही सांगितलंस?" त्याने विचारलं.

हेल्काने पाव संपवला. "तू मदत केली असतीस," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, इल्पोला वाटलं, रागावर उत्तर देता येतं. केतोलाबाई फार लक्ष देऊन आपल्या पायाची बोटं बघत होत्या.

"आईला माहीत आहे?"

"तिनेच सही केली. मुलाखत झाल्यावर आम्ही तुला सांगणार होतो." मग जरा वेळाने, "खोलीच नेणार होते मी तिथे. पण ती... तुझी झाली. म्हणून आर्वोची होडी घेतली."

वारा आला तो तिने सांगितल्यासारखाच, दक्षिणेकडून, मुलाच्या केसांतून हात फिरवावा इतका हलका. तराफा हलला. हेल्का वल्ही मारू लागली. धुकं वरून फाटत गेलं आणि दीड तासाने ते सगळे तळ्याच्या पलीकडच्या किनाऱ्याला, एका बर्चच्या झाडाखाली, मऊ चिखलात जाऊन रुतले.

केतोलाबाईंनी आधी बूट घातले, मग फाईल उघडली. "हा किनारा रान्तामा नगरपालिकेत येतो," त्या म्हणाल्या. "आमची हद्द तळ्याच्या मध्यावर संपते. वेसालाच्या हद्दीत आता अशी कुठलीही वस्तू नाही." त्यांनी शेवटच्या रकान्यात सही केली. "प्रकरण मिटलं. आणि हार्यू, रस्त्यापर्यंत चालत जायचंय, आपण सगळे पुढेच जाणार आहोत, म्हणून काळजी नको." त्या हसल्या. एकोणीस वर्षं राखून ठेवलेलं हसू होतं ते.

तराफा तिथेच राहिला. त्या उन्हाळ्यात रान्तामाची पोरं त्यावरून पाण्यात उड्या मारू लागली आणि रान्तामा नगरपालिका आजवर इल्पोला पत्रं पाठवून विचारते आहे की ही इमारत आहे की होडी.

घरी मेरवीने काही विचारलं नाही. आर्वोने तिला सगळं सांगितलं होतं, म्हणजे "कॉफी" आणि "धुकं" असे दोन शब्द. ती इल्पोच्या शेजारी बसली आणि म्हणाली, "मी आधीच बोलायला हवं होतं."

"मी ऐकलं असतं?"

मेरवीने प्रामाणिकपणे विचार केला. "नाही," ती म्हणाली, आणि त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर इल्पो आर्वोच्या शेडपाशी गेला आणि दारात थांबला. आत लाकडाचा, डांबराचा वास होता. हेल्का गुडघ्यांवर बसून रंधा मारत होती. "आत येऊ?" त्याने विचारलं.

तिने वर पाहिलं. "ये. हात खिशात ठेव."

चार दिवस तो हात खिशात ठेवून उभा राहिला. सोपं नव्हतं. त्याने नऊ सूचना गिळल्या, त्यांतल्या सात चूक होत्या हे त्याला तिचं काम बघता बघता कळत गेलं आणि उरलेल्या दोन तिला आधीच माहीत होत्या. आर्वो कोपऱ्यात पिंपावर बसून असे. अधूनमधून "हं" म्हणे, पण हे हं वेगळं होतं. पाचव्या दिवशी शेवटची, सर्वांत वरची फळी बसवायची होती. तांब्याचा खिळा बाहेरून ठोकायचा तर आतून कुणाला तरी जड लोखंड दाबून धरावं लागतं, आणि आर्वोचा हात आता थरथरतो.

"बाबा, हे धर," हेल्का म्हणाली.

त्याने धरलं. तिने खिळे ठोकले, एकेक, टोक आतल्या बाजूने वाकवून. शेवटचे चार उरले तेव्हा तिने हातोडी त्याच्यापुढे केली. "तू मार. मी धरते."

"मी? नको. बिघडेल."

"मार ना."

इल्पोने मारले. पहिला बरा गेला. दुसऱ्याला फळी केसभर सरकली, तिसऱ्याला आणखी केसभर, आणि चौथा बसला तोवर त्या फळीचं टोक खालच्या फळीशी जरासं भांडल्यासारखं दिसू लागलं. "काढ," इल्पो म्हणाला. "काढून परत बसव. माझं ऐक."

हेल्का वाकून बघत राहिली, एका डोळ्याने, मग दुसऱ्या. "बघू," ती म्हणाली.

मुलाखतीला होडी न्यायला इल्पोने ट्रेलर जोडला आणि साडेतीन तास गाडी चालवली. ती शेजारच्या सीटवर बसली होती. वाटेत तिने दोनदाच तोंड उघडलं, एकदा "तहान लागलीय" आणि एकदा "तू फार हळू चालवतोस."

पत्र जूनमध्ये आलं आणि त्यात हो लिहिलं होतं. पण इल्पोला विचाराल तर निकाल त्या मे महिन्यातल्या दुपारीच लागला. शाळेची कार्यशाळा बंदराला लागून होती. दारं सताड उघडी, आत भुशाचा वास आणि समुद्राचा उजेड. पालकांनी बाहेर बाकावर थांबायचं होतं. इल्पो थांबला. आत एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची शिक्षिका होडीभोवती फिरत होती. ती फारसं काही विचारत नव्हती. डोळे अर्धे मिटून ती फळ्यांवरून नुसता तळवा फिरवत होती, मागून पुढे, पुढून मागे. मग तिचा हात वरच्या फळीच्या टोकाशी थांबला. मागे आला. पुन्हा थांबला.

"हे टोक तू बसवलं नाहीस," ती म्हणाली.

"नाही," हेल्का म्हणाली.

"कोणी?"

"बाबांनी."

इल्पो बाकावरून अर्धा उठला आणि परत बसला.

"तुला दिसत होतं ना?" शिक्षिकेने विचारलं. "बाकी सगळं इतकं चोख केलंस. फळी काढून परत का नाही बसवलीस?"

हेल्काने खांदे उडवले. तिने फळीच्या त्या भांडखोर टोकावर हात ठेवला आणि तो तिथेच राहू दिला.

"गळत नाही," ती म्हणाली.